छकुलीच्या नाकातले राखणदार

जानेफळ, रविवार

प्रिय योगिनी,

फोनवर तुझ्यासमोर माझी बोबडी वळते, म्हणून कागद घेतला. आधी एवढं वाच की तुझी छकुली आत्ता बरी आहे. माझ्याजवळ बसून उपमा खातेय आणि त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून मला देतेय. घाईत लिहितेय, तेव्हा मोठ्या बहिणीच्या अक्षराला नावं ठेवू नकोस.

पीएचडीसाठी तू तिला माझ्याकडे सोडलीस त्याला तीन वर्षं झाली. दर साली गाजरगवत फुललं की तिच्या शिंका सुरू होतात, पण यंदा फारच. उठल्या उठल्या वीस-वीस शिंका, डोळे लाल, नाक चोळून चोळून त्यावर आडवी रेघ पडलेली. दसऱ्याला तू फोनवर मला समजावलंस. नाकाच्या अस्तरात जन्मापासूनच रिसेप्टर असतात, शेतातल्या राखणदारासारखे. जंतू आला की ओरडायचं हे त्यांचं काम, पण काहींच्या नाकात ते साध्या परागकणांवरही आरडाओरडा करतात. आणि गोठ्याच्या धुळीत वाढलेल्या मुलांचे राखणदार तान्हेपणीच निवांत राहायला शिकतात. बाई, तुझ्या प्रयोगशाळेतलं मला पहिल्यांदाच काही कळलं! त्या आनंदात तू पुढे काय बोललीस ते मी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून गोठा झाडताना मी तिला सोबत नेऊ लागले. दार लोटायचं, तिला गव्हाणीजवळ बसवायचं आणि सोयाबीनच्या कुटाराचा भुसा झटकायचा. यांना सांगितलं की योगिनीनंच हा उपाय सांगितलाय. तुझं नाव घेतल्यावर हे काय बोलणार? शिंका वाढत गेल्या, मला वाटलं आतली घाण बाहेर पडतेय, गुण येतोय. काल सकाळी मागे वळून पाहते तर ती गव्हाणीला धरून उभी, ओठ निळसर, गळ्याखालचा खळगा आत-आत जाणारा.

"मावशी, मले दम नाही घेता येऊन राह्यला."

यांनी मोटारसायकल काढली. मेहकर येईस्तोवर तिच्या छातीवर माझा हात होता. आतली घरघर ऐकवत नव्हती, आणि ती थांबली तर काय, या भीतीनं मी हात काढतही नव्हते. दवाखान्यात वाफ दिली, इंजेक्शन दिलं, तासाभरानं ओठांवर रंग आला. डॉक्टर म्हणाले, नाक आधीच सुजलेलं असताना तीच धूळ त्या राखणदारांना आणखी चेतवते, आणि आता हे छातीत उतरलंय, दमा आहे. बहुतेक दसऱ्याला तू हेच सांगत होतीस.

आता खरं सांगते. दिवाळीपर्यंत सर्दी हटली नाही तर तिला तपासण्यांसाठी पुण्याला नेईन आणि तिथंच शाळेत घालीन, असं तू दसऱ्याच्या आधीच म्हणाली होतीस. मला ती जाऊ द्यायची नव्हती, योगिनी. ती बरी व्हावी असं वाटत होतंच, पण इथं राहावी असं जास्त वाटत होतं. या कागदाचा फोटो तुला आत्ताच पाठवतेय. दिवाळीची वाट पाहू नकोस, उद्याच ये आणि तिला घेऊन जा. मी रडेन, अजून चार दिवस राहू दे म्हणेन. माझं ऐकू नकोस.

तुझीच,
राखीताई