आषाढात उघडलेला तलाव

प्रिय सुषमा,

सासूनं सुनेला पत्र लिहायचं, आणि तेही सून वाचायला नसताना! हसशील तू. पण आज सकाळी चहा गाळत होते तेवढ्यात मोबाईल वाजला. तू बनवलेल्या गेमचा निरोप: 'खुशखबर! तलाव आता बाराही महिने खुला!' ऐन आषाढात! अर्धा चहा ओट्यावर गेला. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी भांडून झालं. उरलीस तू.

तुझा धंदा काय, हे सुरुवातीला मला तरी कुठे कळत होतं? इंजिनिअर पोरगी, पुण्यातली चांगली नोकरी सोडून चंद्रपूरला परत आलीस, तुकूममध्ये दोन खोल्या घेतल्यास, दारावर स्टुडिओची पाटी लावलीस. शेजारच्या बाईंनी विचारलं, "सून फोटो काढते का?" मी "हो" म्हटलं. तेच सोपं होतं.

पहिला गेम कुणी खेळलंच नाही. दुसऱ्यात तू वडशाजवळचं तुझं माहेर घातलंस. तलाव, त्यात तरंगणारा डोंगा, जाळं. ते जाळं हवेत गोल उघडावं म्हणून अख्खा हिवाळा गणितं मांडत बसलीस. मधेच वीज गेली की तुझा आरडाओरडा, "आई, वीज इथीच बनते अन् इथूनच जाते!"

तुझे बाबा, सोमाभाऊ, जन्मभर तलावात मासे मारणारे. त्यांच्या हातात तू फोन दिलास. त्यांनी बोटानं जाळं फेकलं, मासे आले, आणि ते पोट धरून हसले. "कंबर दुकली नाई, अंग भिजलं नाई. हे कायचं मासे मारनं व पोरी!"

मग तुझा तो हट्ट. पावसाळ्याचे दोन महिने गेममधला तलाव बंद! मासोळी अंड्यावर असताना तुमच्या गावात जाळं टाकत नाहीत, म्हणून गेममध्येही नाही. खेळणाऱ्यानं काठावर बसून जाळं विणायचं, पाऊस ऐकायचा. कुणी जाळं उचललंच, तर सोमाभाऊंचा आवाज: "घरी जाय गा. मासोळी पोटुशी हाय."

लोकांनी काय शिव्या घातल्या! मीही ठणकावलं, "अगं, बंद दुकानात कधी गिऱ्हाईक येतं का?" तू शांतपणे म्हणालीस, "थांबलेलं गिऱ्हाईक परत येते, आई." आणि पोळा झाल्यावर झुंडीनं आलं की गं! तुझं खरं झालं, हे मी तेव्हा कबूल करायला हवं होतं. मी फक्त "बरं" म्हटलं.

आणि असा कसा आजार तुझा? त्याचं नाव नीट उच्चारता येईपर्यंत तू नव्हतीस. कुणाला विचारून गेलीस?

तुझ्यामागे निखिलनं स्टुडिओ विकला. तुझा नवरा असला तरी माझा मुलगा आहे, मी तुटून पडले त्याच्यावर. तो मान खाली घालून म्हणाला, "आई, टीममधली पोरं एकेक करून चालली होती. मी पॉवर स्टेशनवर मशीन बघणारा माणूस. तिनं लिहिलेली एक ओळ मला वाचता येत नाही. चालवू कसा मी?" रागवावं तर समोरचाही धड उभा पाहिजे ना!

आज नव्या कंपनीला फोन लावला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी हातावर पट्ट्या मारून शिकवलेलं सगळं इंग्रजी बाहेर काढलं. पलीकडचा मुलगा फार सभ्य. म्हणे, "मॅडम, युजर दोन महिने थांबत नाही. तुमच्या भावना आम्हाला समजतात."

"माझ्या भावना राहू दे. मासोळीचं समजतं का तुला?"

"फीडबॅक पुढे कळवतो, मॅडम."

कोर्टात स्टेनो म्हणून आयुष्य काढलंय मी. 'पुढे कळवतो' म्हणजे काय, ते मला कुणी समजवायला नको. विक्रीचा करारही वाचलाय. गेममध्ये काय ठेवायचं, काय काढायचं, सगळं त्यांच्या मर्जीवर. भांडायला दारच ठेवलं नाही गं कुणी.

दुपारी सोमाभाऊंचा फोन आला. गावातल्या पोरांनी त्यांना दाखवलं होतं.

"इहीनबाई, खेळातला तलाव उघडला म्हन्ते. माहा आवाजबी काढला. काऊन?"

"चौकशी करते," मी म्हटलं. खोटं! चौकशी करून झाली होती.

"तुमी इंग्रजीत बोला ना त्याइच्याशी. तुमचं आयकतीन ते. सुषी म्हने, आमच्या आईपुढं सायबबी चूप रायते."

असं सांगायचीस तू माहेरी? माझ्या तोंडावर एकदा तरी म्हणायचं होतंस! आज त्या माणसानं तुझ्या शब्दावर विश्वास टाकला. आणि मी नुसतं "हो, हो" करत फोन ठेवला.

रविवारी चांदा फोर्टहून वडशाची गाडी धरणार आहे. तुझ्या बाबांच्या समोर बसून सांगणार आहे, की बोलले मी, इंग्रजीतच बोलले, आणि कुणी ऐकलं नाही. धीर द्यायला माझ्याजवळ काही नाही. पण फोनवर सांगणार नाही, आणि 'बघू, करतील काहीतरी' असंही म्हणणार नाही. एवढं एकच वचन देण्यासारखं हातात उरलंय. ते घे.

तुझी,
आई