तिची नोकरी डोंगरात, माझी सुप्यात

९ जून, सोमवार
सकाळच्या धुळे गाडीत एस्तेरला बसवून दिलं. उद्या हजर व्हायचंय, सातपुड्यात, पार डोंगरात. सरकारी नर्स. इथं नगरला खासगी दवाखान्यात दहा वर्षं काढली, रोजचे बारा तास, नेमणुकीचा कागदही कधी न बघता. आता कायम नोकरी. हवं होतं ते मिळालं. तरी गाडी निघताना खिडकीतून माझी बाही धरून बसली. कंडक्टरनं बेल मारली तरी सोडेना. रूथ गाडीबरोबर पळायला लागली, तिला धरायला मला बाही सोडवून घ्यावी लागली.
अर्धा दिवस सुट्टी सांगून ठेवली होती. सुप्याला कंपनीत पोचलो तर सुपरवायझर म्हणाला, "अर्धा नाही मिळणार, पूर्ण दिवस लागेल." परत घरी. घरी काय करायचं सुचेना, तिचा टॉवेल धुऊन वाळत टाकला.

१६ जून, सोमवार
शाळा सुरू. रूथ दुसरीत. वेण्या घालायला बसलो. एक कानावर, एक मानेवर. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, कापून टाकू, लई गुंता हाय." रूथ रडून लाल. मम्मीला दाखवायचे आहेत म्हणे केस.

२२ जून, रविवार
एस्तेरचा फोन. पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तरच रेंज येते.
म्हणाली, "आठ तास झाले की दुसरी सिस्टर येते. पहिल्या दिवशी मी पर्स घेऊन बाहेर आले आणि कळेचना कुठं जायचं. ऊन होतं अजून."
लग्न झाल्यापासून ऊन असताना ती कामावरून आलेली मला आठवत नाही. आता येते, तर घर इथं.

६ जुलै, रविवार
चर्चमध्ये जो तो हात हातात घेतोय. "नशीबवान आहेस बाबा, बायको सरकारी." हो म्हटलं.
माझी विशी भरतीच्या जागा निघायची वाट बघण्यात गेली. तलाठी, पोलीस, काही सोडलं नव्हतं. मग सुप्यात आधी ठेकेदाराकडं, नंतर कंपनीच्या रोलवर. कंपनीला नावं ठेवत नाही. कँटीन चांगलं, पगार वेळेवर, हातात कसब आलं. पण कुणी 'सरकारी' म्हटलं की अजून आत काहीतरी हलतं. हेवा नाही. असेल थोडा.
ए. ला आता किरकोळ रजा, अर्जित रजा, कसल्या कसल्या रजा. फोनवर हसत होती. "रजा शिल्लक असते हे मला माहीतच नव्हतं रे." शिल्लक आहे, पण यायला एक दिवस आणि जायला एक दिवस.
पावसाळ्यात तिची खोली गळते. दुसरी सिस्टर आली नाही की तिलाच थांबावं लागतं. औषधं संपली की वरून येईपर्यंत वाट बघायची. हे सगळं सांगते, पण तक्रारीच्या सुरात नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार
रूथ शाळेच्या झोपाळ्यावरून पडली. डावा हात मोडला. सकाळीच पडली होती.
मोबाईल कंपनीच्या गेटवर जमा करावा लागतो. शाळेनं फोनवर फोन केले. शेवटी मॅडमनी ऑफिसात फोन लावला, ऑफिसनं सुपरवायझरला सांगितलं. त्यानं मला सांगितलं शिफ्ट सुटताना. "लाइन चालू होती. तू गेला असता तर बंद पडली असती. आणि आजी गेली होती ना तिकडं."
आई गेली होती. दुखऱ्या गुडघ्यांनी, रिक्षा करून, दवाखान्यात एकटी. मी पोचलो तेव्हा प्लास्टर घालून झालं होतं. रूथ भिंतीकडं तोंड करून बसली होती. आई म्हणाली, "वाट बगून बगून गप झाली ती."
मी त्या वेळी पार्ट मोजून क्रेटमध्ये ठेवत होतो. शांतपणे.

१४ ऑगस्ट, गुरुवार
ए. आली. मोठ्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या सही केली म्हणे. "जा सिस्टर, पोरगी आधी."
तिला खरंच वाटत नव्हतं. रूथ तान्ही असताना न्यूमोनिया झाला होता, तेव्हाचं आम्ही दोघं अजून बोलत नाही. तिच्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर रूथ सलाईनवर आणि खाली हिची ड्युटी. वर जाऊ दिलं नव्हतं. मी जिन्यात येऊन खुणेनं सांगायचो, ताप उतरला, ताप चढला.

१९ ऑगस्ट, मंगळवार
गेली परत. घरात तिच्या तेलाचा वास आहे अजून. मला आणि रूथला, दोघांनाही येतोय.

१४ सप्टेंबर, रविवार
जुन्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा एस्तेरला फोन. परत ये, इन्चार्ज करते, पगार वाढवते. सरकारीच्या निम्माच होईल, पण घर जवळ.
मी लगेच म्हटलं, "ये."
टाकीपाशी वारा होता, तिचा आवाज तुटत होता. "तिथं मी काउंटरपाशी उभी राहून लोकांना सांगायचे, आधी डिपॉझिट भरा, मग बघू. बाई कळा देत असायची. इथं तसं कुणाला म्हणावं लागत नाही. बाई येते, मी तिला आत घेते. एवढंच. तुला नाही कळायचं हे किती आहे ते."
कळलं. पण रूथनं फोन ओढून घेतला आणि विचारलं, "मम्मी, येतीयेस का मग?"

७ ऑक्टोबर, मंगळवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नव्या वर्षापासून शिफ्ट इन्चार्ज. "ठेकेदाराकडून येऊन इन्चार्ज झालेला तू पहिला." चहा मागवला. मग म्हणाले, "एकच आहे, ऐन वेळी सुट्टी मागायची नाही. घरचं घरी."
घरी येऊन आईला सांगितलं. तिनं साखर हातावर ठेवली. ए. ला सांगितलं, ती खूश झाली, खरंच खूश झाली. मग म्हणाली, "म्हणजे आता तू इकडं यायचा नाहीसच."
मी येणार होतो? तिनं असं कधी धरलं होतं? मला विचारलं नव्हतं. मीही तिला विचारलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार
दिवाळीत कंपनी बंद, रूथला सुट्टी. आईला श्रीगोंद्याला बहिणीकडं सोडलं आणि आम्ही दोघं इकडं डोंगरात आलो.
खोली उघडी होती, ए. वॉर्डात. दारातून बघितलं. एका बाईच्या उशाशी वाकून तिच्याशी तिच्या भाषेत मोडकंतोडकं बोलत होती. बाई हसली, ए. पण हसली. माझ्या बायकोला कामावर हसताना मी पहिल्यांदा बघितलं. नगरला तिला आणायला जायचो तेव्हा गेटातून बाहेर येणारा चेहरा वेगळा असायचा. आम्ही आल्याचं तिला कळायच्या आत मी रूथला घेऊन थोडा मागं सरलो. अजून थोडा वेळ बघायचं होतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार
रूथ म्हणतीय मी इथंच राहणार. मी म्हटलं, "आणि पप्पा?" तिनं बराच विचार केला. "तू कंपनीतच असतो ना पण."
एस्तेर तिला रागावली. मी म्हटलं रागावू नको. खरं बोलली.
संध्याकाळी दोघं नाल्याकडं चालत गेलो. ए. म्हणाली, "बदलीला वर्षं लागतील. मी हे सोडून येऊ? सांग, येते." तिनं हे मनापासून विचारलं. मी 'ये' म्हटलं असतं तर आली असती, आणि जन्मभर त्या काउंटरपाशी उभी राहिली असती. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "तू इथं येऊन काय करशील? इथं साधी पिठाची गिरणीसुद्धा बंद पडलीय." दोघंही हसलो. मग तिनं माझा हात धरला, नाला येईपर्यंत.

६ नोव्हेंबर, गुरुवार
शाळेतून रूथचा दाखला काढला. ती तिकडंच राहिली. शेजारची आया मावशी ड्युटीच्या वेळी सांभाळते. आईला श्रीगोंद्याहून आणलं. तिला घर मोठं वाटतंय म्हणे. दोन खोल्या आहेत.

३० नोव्हेंबर, रविवार
इन्चार्जचं शिकतोय. काम आवडतंय, हे लिहून ठेवतो. मशीन बिघडलं की पोरं माझ्याकडं बघतात. बिघाडाची शिट्टी वाजायच्या आधीच मला मशीनच्या आवाजावरून कळतं.
जेवताना मात्र ताट वाढून घेतलं की हात थांबतो. आई म्हणते, "खा, समद्यांच्या पोटात एकाच येळेला जातंय." तिकडं एस्तेर आणि रूथचं जेवण आधीच झालेलं असतं. मी सांगत नाही तिला.

२२ डिसेंबर, सोमवार
नाताळला ए. ला ड्युटी. सरकारी सुट्टी, पण दवाखान्याला कुठली सुट्टी. मग मी रजा मागितली, आधीच, रीतसर. साहेब चांगले आहेत, ओरडले नाहीत. "वर्षअखेर आहे, माल जायचाय. तूच असं केलंस तर मी पोरांना काय सांगू? बोललो होतो ना तुला."
बोलले होते. मीही मान हलवली होती.
आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "तुझ्या बापानं शुगर फॅक्टरीच्या हंगामात घरचं तोंड बगितलं न्हाई. हंगाम सपला की यायचा, तुमी पोरं त्याला वळखायची न्हाईत." एवढंच. भाकरी पलटली.

२४ डिसेंबर, बुधवार
धुळं मागं पडलं. बस हलतीय, अक्षर असंच येणार.
आई पुढच्या बाकावर, खिडकीपाशी, मांडीवर करंज्यांचा डबा. मला एकटीला ठेवून जाऊ नको म्हणाली. एस्तेरला सांगितलेलं नाही.
सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर आली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी डबा पिशवीत भरत होतो. आणखी एकदा दिला, मग गेला. मी राजीनामा दिलेला नाही, रजा मिळालेली नाही. याला काय म्हणायचं, माहीत नाही.
साहेबांचा फोन येऊन गेला. उचलला नाही. मग परत.
शहाद्याच्या अलीकडं केळीच्या बागा लागल्या. त्यांच्या पलीकडं निळी रेघ, डोंगरच असणार. आई विचारतीय, "तेच का रे?" हो म्हटलं.
परत साहेब. घेतो.