पहिला फटका राहू दे

रविवार, १९ मे
लॉजवरून, दुपारी

प्रिय चिमे,

तुला ख्रिस्ताची शांती. मी खुशाल आहे. पुढे तुझ्या गुडघ्यांची चौकशी करणार होतो, पण आज ती करवत नाही. का ते कळेल.

वर्कशॉपच्या सुट्टीतली सहल बरी चालली होती. बसमध्ये मी खिशात हात घालून रोझरीचे मणी ओढत होतो, तर फोरमन म्हणाला, "वेल्डर, चिल्लर मोजतोस काय?" सगळे हसले, मीही हसलो. समुद्र पाहिला. जेवण अळणी, पण पोटभर. दाजी आणि मी एकाच वर्कशॉपातले, म्हणून आमची खोलीही एकच. दोन खाटा, मध्ये स्टूल, त्यावर पाण्याचा स्टीलचा जग. आल्या आल्या मी काउंटरवर चर्च कुठे आहे ते विचारून ठेवलं. गाव सुटलं तरी रविवार सुटता कामा नये, असं आई म्हणायची ना.

आज सकाळी शर्टाची बटणं लावत होतो. दाजी पांघरुणातूनच म्हणाले, "काय पाद्रीबुवा, देवाला तरी सुट्टी द्या. कंटाळला असेल तो तुमचं तोंड बघून."

मी म्हटलं, "तुम्हीही चला की दाजी. येताना चहा घेऊ."

"तुम्हा भावंडांना ही एकच खाज. तिलाही होती. दर रविवारी नटून निघायची. एकदा जिन्यावरून दिली ढकलून, तेव्हापासून बाईसाहेबांचे गुडघे दुखतात. बसते घरीच जप करत."

आणि हसले, चिमे. टाळी द्या म्हणून हात पुढे केला.

तो हात धरून मी त्यांना खाटेवरून खाली ओढलं. पहिला फटका तोंडावर बसला. त्यांचे दात माझ्या बोटांत रुतले. "मेहुणे, गंमत केली हो," असं काहीतरी ते म्हणाले, तोंडात रक्त होतं. तिथे थांबता आलं असतं. मी छातीवर गुडघा रोवला आणि मारत राहिलो. जग हाताला लागला, त्यानेही मारलं. लोखंड वाकताना हाताला कळतं, तसं हाड मोडलेलं कळलं. ते हात जोडत होते, ते मला दिसत होतं. फोरमनने मागून कवळ घालून ओढलं तेव्हा मी ओरडत होतो. काय, ते आठवत नाही. तो म्हणतो, तुझं नाव.

दवाखान्यात पोलिस आला. जबडा बांधायच्या आधी दाजी कसेबसे एवढंच बोलले, "बाथरूममध्ये पाय घसरला." खरं सांगितलं असतं तर मी का मारलं तेही त्यांना सांगावं लागलं असतं. पोलिसाने माझ्या सोललेल्या मुठीकडे पाहिलं आणि निघून गेला.

जिन्यात पाय घसरला, असं तूही मला सांगितलं होतंस. आणि मी दीडशहाणा! रविवारची मिस्सा चुकवतेस म्हणून तुलाच चार शब्द सुनावले.

दवाखान्यातून तसाच चर्चला गेलो. उशिराच्या मिस्सेआधी फादर पापनिवेदन ऐकायला बसले होते. म्हातारे, कानाने अधू. मोठ्याने सांगावं लागलं, अर्ध्या चर्चने ऐकलं असेल.

ते म्हणाले, "पहिला फटका राहू दे. तो बहिणीसाठी होता म्हणतोस, त्याचं देव पाहील. पण पडलेल्याला मारलंस, हात जोडणाऱ्याला मारलंस. त्याचा पश्चात्ताप होतो?"

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण गुडघे टेकून खोटं कसं बोलू? म्हटलं, "नाही फादर. बरं वाटलं."

ते म्हणाले, "तर मला आज पापक्षमा देता येत नाही, बाळा. मिस्सेला मात्र बस. पळू नकोस."

पन्नाशीच्या माणसाला बाळा म्हणाले, तेव्हा रडू फुटलं.

ख्रिस्तप्रसादाला सगळी रांग उठली. शेजारच्या बाईने मला वाट दिली, पण पापक्षमेशिवाय तो कसा घेणार, मी नको म्हणून मान हलवली. लहानपणी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतला, तेव्हापासून असा रविवार माझ्यावर आला नव्हता. ओठ घट्ट मिटून बसलो.

आता नीट वाच. सहल मोडली, बस आजच परत निघते आहे. हे पत्र फोरमन तुझ्या हातात देईल. फोनवर हे बोलायला मला जमलं नसतं. त्याच्याबरोबरच निघ आणि आमच्या घरी जा. वहिनीला मी कळवलं आहे, ती तुझी खोली झाडून वाट बघते आहे. भांडीकुंडी राहू देत. लोक काय म्हणतील ते मी बघतो.

मी इथेच थांबतो. दाजींना चमच्याने पाणी पाजायला कोणीतरी हवं. मी जवळ गेलो की ते डोळे मिटून घेतात. मलाही माझ्या हातांची भीती वाटते.

माझ्यासाठी प्रार्थना कर. पण मला पश्चात्ताप होऊ दे, असं एवढ्यात मागू नकोस. आधी तू त्या घराबाहेर पड.

तुझा,
दादा