डावी घडी

बाबा, काल पुन्हा रुवैसच्या पुढच्या त्या किनाऱ्यावर जाऊन आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाडी तिकडे वळवताना शेजारच्या सीटवरची पर्स मी मागे टाकते. ती जागा मला रिकामी लागते.

तुमच्या युनिटबद्दल शाळेत सांगितलं तर मुली हसायच्या. बँकेतले, तेल कंपनीतले लोक गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीत गणवेश चढवून विमानात बसतात, हे कुणाला खरंच वाटायचं नाही. राखीव तुकडी ती. हरवलेल्या होड्या शोधणं हे तिचं मूळ काम. कुवेतच्या युद्धानंतर ती तेलाचे तवंग आणि तरंगते सुरुंगही बघू लागली. तुम्ही भारतात हवाई दलात करायचात तेच इथे अबुधाबीत कंत्राटावर करत होतात. विमान समुद्रात पडलं तर फुगवायचे लाइफ राफ्ट तपासायचे, त्यांच्या घड्या घालायच्या, आत पाण्याचे डबे भरायचे. आणि तुमच्या सेक्शनचा नियम असा, की विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या राफ्टची घडी घालता आलीच पाहिजे.

तुकडीतल्या एका पोराला, बँकेत कामाला होता तो, ती जमत नव्हती. सगळ्यांसमोर शिकायची त्याला लाज, म्हणून बाद झालेला एक राफ्ट तुम्ही घरी आणला आहे. अबुधाबीच्या आपल्या फ्लॅटचा हॉल त्याने भरून गेला आहे. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणते, "हा तंबू आता माझ्या सोफ्यावर ठोकणार का?" पोह्यांची बशी संपवून तो गुडघ्यांवर बसतो, मी हवा काढायला राफ्टवर लोळते. शेवटची घडी उजवीकडे घ्यायची, पण उजवीकडे सोफा, आणि आई तो हलवू देत नाही. तुम्ही त्याला ती डावीकडे घ्यायला लावता. "बाबा, दॅट्स राँग," मी म्हणते. तुम्ही त्याला सांगता, "ड्यूटी पे राइट साइड लेना." तो म्हणतो, "इन्शाल्ला, उस्ताद." त्याच्या काही ते लक्षात राहिलं नाही. कामावरही तो डावीच घडी घालायचा, आणि तुम्ही ती सोडवून नीट करताना हसून म्हणायचात, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही.

मग एका उन्हाळ्यात त्याचं विमान परत आलं नाही. समुद्र पालथा घातला, काही हाती लागलं नाही. त्यानंतर तुकडीचं काम बदललं. पाण्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या खिडकीजवळच्या सीट काढून टाकल्या आणि तिथे खोकी रचली. हिवाळ्यात रुवैसच्या पुढे, भरतीच्या रेषेपासून जमिनीकडे बरंच आत, एक राफ्ट सापडला. ओळखायला तुम्हाला नेलं. हवा काढून, घडी घालून, पट्टे आवळून ठेवलेला. आत पाण्याचे सगळे डबे, रिकामे. शेवटची घडी डावीकडे.

त्या दिवशी घरी येऊन तुम्ही बराच वेळ हात धुतलेत आणि जेवला नाहीत. "तो जमिनीवर उतरला होता गं," एवढंच म्हणालात. सगळ्यांनी पाणी शोधलं होतं. जमीन कुणीच बघितली नव्हती.

तुम्ही तुकडीच्या साहेबांकडे गेलात, घरात डावी घडी आपणच शिकवली हेही सांगितलंत. साहेबांनी चहा पाजला. म्हणाले, मच्छीमारांनी आवरून ठेवला असेल. "इतनी अच्छी चीज़ वो छोड़ के जाएंगे, सर?" असं तुम्ही विचारलंत. "उस्ताद, खलास. अब हमारा काम ढूँढना नहीं, कार्गो है." हे सगळं तुम्ही आईला सांगत होतात आणि ती गॅस बंद करून ऐकत उभी होती.

मग दर शुक्रवारी तुम्ही मला घेऊन तिकडे जायचात. पांढऱ्या खारट जमिनीकडे तोंड करून, तोंडाशी हात धरून त्याचं नाव घ्यायचात. मी गाडीतून बघायचे. तुमची हाक जायची आणि त्या सपाटीत कुठेतरी मुरायची. आई चिडायची, "गेलेला माणूस हाका मारून येतो का?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "गेलाय असं कोण म्हणतं?"

आता तुमची तुकडी परदेशात औषधं आणि धान्य पोचवते. चांगलं काम आहे, वाईट कसं म्हणू? पण ती कधीकाळी माणसं शोधायची, हे तिथल्या नव्या लोकांना ठाऊकही नाही. मी रुवैसला नोकरी धरली ती पगारासाठी, असं आईला सांगितलं आहे. राफ्ट जिथे सापडला तिथे मी पाण्याच्या बाटल्या ठेवून येते. पुढच्या खेपेला त्या रिकाम्या असतात. झाकणं घट्ट लावलेली, बाटल्या ओळीत. मच्छीमार पीत असतील, सहलीला आलेले पीत असतील, असं मी स्वतःला समजावते, अगदी तुमच्या साहेबांच्या सुरात.

तुम्हाला सांगायचं होतं ते एवढंच, की इतक्या वर्षांत मी तिथे एकदाही हाक मारलेली नाही. कालसुद्धा त्याचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. ओ आली तर, या भीतीने मी ते गिळलं, गाडीत बसले आणि काचा वर केल्या.