कडक तांदूळ

३ फेब्रुवारी १९६९. व्हिएन्तियान.
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. शिवाय आपण लाओसच्या आभाळात काय पराक्रम करतोय ते कुठे छापून येणार नाही, कारण या देशात लढाई चालूच नाही, असं आमचं अमेरिकन सरकार म्हणतं. आमची विमान कंपनी फक्त धान्य वाहते. कधी मऊ तांदूळ, कधी कडक तांदूळ. मऊ म्हणजे खरोखरचा तांदूळ. कडक म्हणजे बंदुका, काडतुसं, तोफगोळे. हा आमचा परवलीचा शब्द. शत्रूने कितीही कान लावले तरी त्याच्या बापाला कळणार नाही.

मुख्य वैमानिक लेही साहेबांनी बोलावलं. म्हणाले, वर्जिल, महिनाभर तुझी एकही तक्रार माझ्या टेबलावर आली नाही, तर मार्चपासून दोन इंजिनांचं मोठं विमान तुझं. कॅप्टन वर्जिल स्टोडार्ड. मी म्हटलं, माझी तक्रार कशाला येईल? साहेब खिडकीबाहेर बघत बसले.

संकल्प: बिअर बंद. सकाळी जोर काढणे. लाओ भाषा शिकणे. कामाबद्दल बाहेर अवाक्षर नाही.

४ फेब्रुवारी.
जोर काढले. दोन. खांदा धरला. कॅप्टनला दोन्ही खांदे लागतात, म्हणून व्यायाम तूर्त स्थगित. बिअर प्यालो, पण ती क्विग्लीने पाजली, मी मागवली नव्हती. क्विग्लीलाही मोठं विमान हवंय. कोण कुठला क्विग्ली. मी कॅन्ससमध्ये गव्हावर औषध फवारत विजेच्या तारांखालून विमान काढत होतो, तेव्हा हा शाळेत कागदी विमानं उडवत असेल.

६ फेब्रुवारी.
नदीकाठी पा सेंगकडे शेवयांचं सूप. पा म्हणजे मावशी. आम्ही सगळे वैमानिक तिला मावशीच म्हणतो. वाटी ठेवता ठेवता म्हणाली, उद्या बान फाखावला चाललास ना, येताना तिकडच्या मिरच्या आण. मी चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. म्हटलं, कुठलं फाखाव? मी साधा धान्यवाला. म्हणाली, असू दे रे धान्यवाल्या, पण सुक्या आण.

दुपारी हुकूम आला. उद्या बान फाखाव.

मावशी नक्की आपल्याच हेरखात्यात आहे. एरवी माझ्याकडून कुणाला काही कळणं शक्य नाही.

७ फेब्रुवारी.
फाखावला तांदूळ टाकला. उंच कड्यावरचं गाव. लोक खालून लढाईला भिऊन वर आलेत, शेतं खालीच राहिली. आम्ही वरून पोती टाकली तर चूल पेटते, नाही तर नाही. माझा नेम अचूक. एक पोतं शाळेच्या छपरातून आत गेलं, पण शाळेलाही तांदूळ लागतोच.

मागच्या दारातून पोती लाथेने ढकलायला बुनलुआ असतो. फाखाव त्याची सासुरवाडी. सासरा गावचा मुखिया, पण ठार बहिरा, म्हणून गावाचा रेडिओ सासू चालवते. रेडिओवर तिचा आवाज आला की बुनलुआ पोत्यांमागे लपतो. चार हजार फुटांवर. मला मात्र तो कॅप्टन म्हणतो. गुणी माणूस.

मिरच्या राहिल्या.

११ फेब्रुवारी.
लाओ भाषा झपाट्याने येते आहे. ‘खाव’ शब्द शिकलो. एका सुरात म्हटलं तर तांदूळ, दुसऱ्या सुरात पांढरा, तिसऱ्यात गुडघा, चौथ्यात बातमी. मी मावशीला म्हटलं, माझा गुडघा दुखतो. तिने भाताची टोपली आणून ठेवली. खाल्ला. म्हणजे संभाषण यशस्वी.

१४ फेब्रुवारी.
बुनलुआला गुप्ततेची शिस्त लावली. विमानात काय भरलंय हे विचारायचं नाही, त्यावर बोलायचं नाही, मी ओठावर बोट ठेवलं की तोंडाला कुलूप. तो म्हणाला, बरं कॅप्टन. आणि जाऊन झोपला. शिस्त अंगी बाणते आहे.

बिअर फक्त शनिवारी. आज शुक्रवार, पण उकाडा शनिवारचा होता.

१७ फेब्रुवारी.
अंगावर काटा आला. फाखाववरून जाताना रेडिओवर सासूबाई ओरडत होत्या, खाव खेंग, खाव खेंग. ‘खेंग’ मी कालच शिकलो. खेंग म्हणजे कडक. खाव म्हणजे तांदूळ. कडक तांदूळ! म्हातारी परवलीच्या शब्दात शस्त्रं मागत होती. शत्रू डोंगर चढतोय. आणि अख्ख्या कंपनीत हे कळलेला माणूस एकच, कारण बाकीचे बिअर पीत बसतात, भाषा शिकत नाहीत.

लेही साहेब दाताच्या कामाला बँकॉकला गेलेत. तेवीस तारखेला येणार. म्हणून निर्णय मीच घेतला. गोदामात जाऊन तोफगोळ्यांच्या पेट्या भरून घेतल्या. बुनलुआने पेट्या बघून तोंड उघडलं. मी ओठावर बोट ठेवलं. त्याने खांदे उडवले आणि चढला.

१८ फेब्रुवारी.
मोहीम फत्ते. पेट्या हवाई छत्रीने अलगद उतरल्या. एकीची छत्री उघडली नाही, ती जरा घाईने उतरली. पोरं टाळ्या पिटत धावत आली. रेडिओवर म्हातारीला भरून आलं होतं. सारखी मू, मू म्हणत होती. मू म्हणजे मित्र. मी उत्तर दिलं, तूही माझी मू. तिने रेडिओच बंद केला. बुनलुआने चेहरा पोत्यात खुपसला.

ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली की मोठं विमान आपलंच.

१९ फेब्रुवारी.
बुनलुआला बोलायची परवानगी दिली आणि पस्तावलो.

म्हणाला, कॅप्टन, सासू फक्त एवढंच सांगत होती की तांदूळ कडक आहे. साधा, जेवायचा तांदूळ. ते लोक चिकट तांदूळ खातात, टोपलीत वाफेवर शिजवतात, हाताने गोळा करून चटणीत बुडवतात. आपला समुद्रापलीकडचा तांदूळ वाफेवर शिजतच नाही, खड्यासारखा राहतो. पोरांची पोटं दुखतात. निम्मा तर डुकरांना घातला.

मी विचारलं, आणि मू? तो म्हणाला, एका सुरात मित्र, दुसऱ्या सुरात डुक्कर. ती घाईची पेटी डुकरावर पडली. मी म्हटलं, अरे गाढवा, मग आधी का नाही बोललास? म्हणाला, तुम्ही ओठावर बोट ठेवलं होतंत. शिवाय ते डुक्कर जावई येईल तेव्हा कापायचं होतं. डुक्कर गेलं, मग मला बोलावणंही गेलं. आणि मनापासून हसला.

म्हणजे कड्यावर आता खायला काही नाही. पेट्या आहेत. पोरं टाळ्या पिटत धावली ती आत भात असेल म्हणून.

सूप गेलं नाही. मावशीने विचारलंही नाही का ते.

२० फेब्रुवारी.
रात्री विचार केला. चूक माझी नाही. चूक परवलीच्या शब्दाची आहे. ज्याने तांदळाला कडक म्हटलं त्याला धरा. तक्रार येण्याआधी मी हे निस्तरणार. साहेब परतायच्या आत चिकट तांदूळ घेऊन स्वतः फाखावला उतरायचं, पेट्या परत आणायच्या, विषय संपला. गोदामात चिकट तांदूळ नाही. तिथल्या बाबूने ते काय असतं असंच विचारलं.

मावशीकडे गेलो तर दारात पोती रचलेली. बाजारातल्या बायकांकडून जमवली म्हणे. म्हणाली, घेऊन जा धान्यवाल्या, आणि फाखावच्या म्हातारीला सांग सेंगने पाठवलाय. हिला कोण बातम्या देतं, देव जाणे.

२१ फेब्रुवारी, सकाळ.
डोंगरावर शेतं जाळायला सुरुवात झालीये. धूरच धूर. मावशी म्हणाली, आज जाऊ नकोस, कडा दिसायचा नाही. क्विग्ली म्हणाला, वेडा आहेस का. मी म्हटलं, मी कॅन्ससच्या धुळीत डोळे मिटून उतरलोय. बुनलुआला पहाटेपासून पोटदुखी. सासूचं नाव काढलं की वाढते. एकटाच जातो. बघूच.

२२ फेब्रुवारी. बान फाखाव.
उतरणं अप्रतिम. फक्त धावपट्टी विमानाआधी संपली. पंखा वाकला, एक चाक शाळेच्या भाजीच्या वाफ्यात आहे. पोतं एकही फुटलं नाही.

म्हातारीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पोतं उसवलं, मूठभर तांदूळ हुंगला, भिजत घालायला पोरींना हाक मारली. सकाळी सगळ्या गावाने खाल्लं. एक चिमुरडी गोळा करून तोंडात टाकायची आणि डोळे मिटायची. कधीपासून उपाशी होती कोण जाणे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने. इथे माझ्याशिवाय कोण वाचतंय? खरं लिहितो, लाज वाटली. पण धूरही होता.

२३ फेब्रुवारी.
म्हातारीच्या रेडिओवरून व्हिएन्तियान लागलं. खुद्द लेही साहेब. मी म्हटलं, वर्जिल स्टोडार्ड बोलतोय. साहेब खणखणीत आवाजात म्हणाले, या नावाचा माणूस आमच्या कंपनीत नाही. असं विमानही नाही. मग हळूच म्हणाले, धूर निवळेपर्यंत तिथेच मर.

आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, अशी गुप्तता आजवर कुणाला साधली आहे? आणि जो माणूसच नाही त्याची तक्रार कोण करणार? साहेबांच्या टेबलावर अजून एकही कागद नाही. महिना संपायला पाच दिवस.

२६ फेब्रुवारी.
इथे मला मान आहे. पाणी मीच भरतो. सरपण मीच फोडतो. तोफगोळ्यांच्या पेट्या शाळेला पायऱ्या म्हणून लावल्या, तेही माझ्याच देखरेखीखाली, म्हणजे उचलल्या मी. परत न्यायच्या होत्या, पण इथे त्यांचा उपयोग होतोय. खांदा उत्तम. सक्तीने का होईना, बिअर बंद. सगळे संकल्प पुरे झाले असं म्हणायला हरकत नाही.

म्हातारी मला मू म्हणते. सूर नीट ऐकला नाही. ऐकायचाही नाही.

मावशीची पोती तळाला लागलीयेत. म्हातारी स्वतः सगळ्यांच्या मागून जेवते. परवापासून मीही तसंच करतो. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

१ मार्च.
आभाळ निवळलं. दोन इंजिनांचा आवाज आला आणि मी शर्ट खोचला. मोठं विमान. रेडिओवर आवाज: कॅप्टन क्विग्ली बोलतोय. म्हणाला, तुला न्यायला पुढच्या आठवड्यात कुणीतरी येईल, आधी पोती घे. मागच्या दारात बुनलुआ हात हलवत होता. इतक्या उंचीवरूनही सासूला दिसू नये म्हणून टोपी नाकापर्यंत ओढलेली.

पोती पडली. एक फुटलं. म्हातारीने दाणा उचलून चावला आणि थुंकला. तोच समुद्रापलीकडचा. तिने रेडिओ माझ्या हातात कोंबला. हातवारे करत म्हणाली, तुझ्या भाषेत सांग त्याला, नीट सांग, तांदूळ कडक आहे, पोरं आजारी पडतात, चिकट पाठवा.

मी घसा साफ केला. भाषेवर आपलं प्रभुत्व आहे. सावकाश, एकेक शब्द तोडून म्हटलं, ऐक क्विग्ली, तांदूळ कडक. पुढचं वाक्य तोंडातच होतं. तो म्हणाला, समजलं, कडक तांदूळ, उद्या सकाळी टाकतो. मी ओरडलो, नाही, अरे नाही, जेवायचा, जेवायचा. खरखर आली. विमान कड्यापलीकडे गेलं होतं.

म्हातारीने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, उद्या सकाळी टाकतो म्हणाला. ती हसली. मी आल्यापासून पहिल्यांदाच. माझ्या पाठीवर थोपटून मू म्हणाली. या वेळी सूर ऐकला. मित्र.

जेवणं झाल्यावर मी तिचं उरलेलं डुक्कर घरात आणून बांधलं.