सुतळीच्या गाठीखालची खुर्ची

सिडको, छत्रपती संभाजीनगर
२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप नानांच्या पायांशी धाकट्या भावजयीचा, कडूबाईचा, नमस्कार. तो वाकून केला आहे असं समजावं. खरं वाकणं का बंद झालं, ते पुढं येईलच. तुमच्या डोळ्यांचं कसं काय? आक्कांचा खोकला हटला का? तांबडी गाय व्याली का, आणि गोऱ्हा झाला की कालवड? इकडं सगळं ठीक. हे पत्र आक्कांनी वाचून दाखवायचं आहे, तेव्हा आक्का, थोरल्या जाऊबाई म्हणून तुम्हालाही नमस्कार, आणि कंसातलं गाळू नका. (मागच्या पत्रात गाळलं होतं, मला समजलं.) फोन सोडून पत्र अशासाठी, की फोनवर नाना एकदा "हं" म्हणतात आणि फोन तुमच्याकडं देतात. पत्राशी तसं वागता येत नाही.

तर कळवायचं ते हे, की मी एक खुर्ची घेतली. जुनी, सागवानी, बिनहाताची. घरात एक खुर्ची असताना एकट्या बाईला दुसरी कशाला, असं तुम्ही म्हणाल. आहे ती तुमच्या धाकट्या बंधूंची, हातांची. ते गेल्यापासून तीन वर्षं तिच्यावर कुणी बसत नाही. तुम्ही आलात की तीच तुम्हाला द्यायची, त्यात वाद नाही. प्रश्न माझा होता. तुमच्यापुढं मी चाळीस वर्षं खालीच बसत आले. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं; सासूबाई मोठ्यांपुढं खाली बसायच्या म्हणून आक्का बसल्या, आणि आक्का बसल्या म्हणून मी बसले. पण गेल्या पावसाळ्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या गुडघ्यांचा फोटो उजेडाला धरला आणि जमिनीवर बसायचं नाही, असं सांगितलं. मी विचारलं, थोडा वेळ तरी? त्या म्हणाल्या, बसता येईल हो, उठता येणार नाही.

आणि दिवाळीत तुम्ही आलात. खाली बसवेना, तुमच्यासमोर पलंगावर बसणं बरं दिसेना, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिले. आपण कपाशीचं बोललो, पावसाचं बोललो, दोन तास होत आले, मी उभीच. गुडघ्यांचं रडगाणं तुमच्यापुढं काढायचं कसं? तेवढ्यात तुम्ही पिशवी उचलली आणि सोयगावची गाडी गाठायची म्हणून निघून गेलात. कुकरात पुरणाची डाळ शिजत होती. (ते पुरण मी चार दिवस खाल्लं, आक्का. शेवटी शेवटी भाकरीशी.) मग आक्कांनी फोनवर सांगितलं, नाना म्हणत होते, "धाकटी बसलीच नाय. मानूस असं उभं ऱ्हातं ते समोरच्यानं उठावं म्हणून. भाऊ गेला, आता घरबी गेलं." त्या दिवसापासून तुम्ही इकडं फिरकला नाहीत. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. माझ्या दुखण्याचा अर्थ तुम्ही असा लावाल, हे स्वप्नातही आलं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, तुमच्या खुर्चीपेक्षा बुटकी खुर्ची आणायची. म्हणजे बसणंही होईल आणि तुमच्याखाली बसणंही होईल. सुतळी घेतली, तुमच्या बंधूंच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून मापली आणि तिथं गाठ मारली. गाठीच्या खाली ती आपली, वर ती दुकानदाराची. नव्या दुकानांत सगळ्या खुर्च्या गाठीच्या वर. एका मुलीनं तर बटण दाबून खाली-वर होणारी दाखवली. ती मी बसल्याबसल्या अशी दणकन खाली आली, की तुमच्यासमोर असं झालं तर काय, या विचारानंच मी उठले. शेजारची रूपा म्हणाली, काकू, जुन्या सामानाच्या बाजारात चला, पूर्वीची माणसंही ठेंगणी होती.

तिथं हमीदभाई म्हणून एक गृहस्थ आहेत. दुकान म्हणजे लांबलचक बोळ, आणि खुर्च्या छतापर्यंत एकमेकींच्या मांडीवर. मी सुतळी काढली तसे ते चक्रावले. म्हणाले, "अम्मा, कुर्सी तो ऊंची लेते. ऊंची में इज्जत रहती." मी म्हटलं, आमच्याकडं इज्जतीला बुटकी लागते. त्यावर त्यांनी चहा मागवला. पहिली दाखवली ती मुलाला पाजायला बसायची, कुठल्याशा बंगल्यातली. पासष्टाव्या वर्षी मी तिच्यावर बसले. छान बसता आलं, पण उठता येईना. माझ्या गुडघ्यांनी तिला जमीनच समजलं. दुसरी वेताची, पाठीवर दोन मोर असलेली. हमीदभाई म्हणत होते, "वो देखने की है, बैठने की नक्को," पण वाक्य संपेपर्यंत मी बसले होते आणि वेत फाटून आत गेले होते. गुडघे छातीशी, पाय वर. रूपानं मला ओढायचं तर ती हसून हसून भिंतीला टेकली. हमीदभाई खुर्चीभोवती फिरून विचार करत होते, की वेत आणखी कापावा की चौकट खोलावी. (नाना, हे वाचताना तुम्ही हसणार. आक्का, हसले का ते कळवा.)

पण तशी खाली अडकल्यामुळंच मला एका टेबलाखाली ढकललेली खुर्ची दिसली. पाठीवर द्राक्षाचा घड कोरलेला, बैठक रुंद. मला बाहेर काढल्यावर मी सुतळी लावली. गाठीच्या दोन बोटं खाली. हमीदभाई ती विकायला तयार होईनात. म्हणाले, तिचा एक पाय वाळवीनं खाल्ला होता, म्हणून कुणीतरी चारही पाय कापून सारखे केलेत. खोट लपवून मी माल देत नाही. मी म्हटलं, मला ती खोटच पाहिजे. त्यांनी रूपाकडं पाहिलं. रूपा म्हणाली, हौ, पाहिजे यांना. मोडलेल्या मोराच्या खुर्चीचे काही पैसे घेणार का, असं मी विचारलं, तर म्हणाले, अम्मा, तुम्हारे बैठने से पहले भी वो टूटने वालीच थी.

तुमच्या बंधूंनाही ही पसंत पडली असती. मी वाचायला कशी शिकले, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते संध्याकाळी खुर्चीत बसून पेपर उघडायचे आणि मी खाली भाजी निवडत बसायचे. माझ्याकडं पेपरचं मागचं पान असायचं. अक्षराला अक्षर लावत मी ते पान वाचायला लागले. म्हणून मला पूर्वीच्या सगळ्या क्रिकेटवाल्यांच्या धावा माहीत आहेत, राज्यात मुख्यमंत्री कोण होतं ते फारसं नाही. त्यांना कळल्यावर ते पहिलं पान वाचून झालं की पेपर उलटा करून धरायचे. आता पेपर मीच उलटते.

असो. खुर्ची पॉलिशला बन्सी मिस्त्रींकडं दिली आहे. आक्कांनी पथ्य पाळावं. घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुमची,
कडूबाई

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात तुमच्या मोतीबिंदूसाठी मी पुढच्या महिन्यातला दिवस घेतला आहे, न विचारता. दोघांनी यायचं आणि पंधरा दिवस राहायचं. पुरण पुन्हा घालते. यावेळी मी बसेन.

ता. क. दुसरी : पाकीट चिकटवणार तेवढ्यात बन्सी मिस्त्री खुर्ची घेऊन आले. म्हणाले, "मावशी, कुणी तरी बिचारीचे पाय कापले होते. मी सागवानाचे जोड लावून होती तेवढी करून दिली, पैसे नको." सुतळी लावली. गाठ बरोबर बैठकीवर, बोटभरही खाली नाही. आता त्यांचा चेहरा पाहून पुन्हा कापा कसं म्हणणार? म्हणून तुमच्या बंधूंच्या खुर्चीसमोर ठेवली आणि बसून पाहिलं. ती खुर्ची मी इतक्या वर्षांत समोरून कधी पाहिलीच नव्हती. पेपर धरून धरून दोन्ही हातांवरचं पॉलिश गेलं आहे, ते खालून दिसत नव्हतं. बराच वेळ बसले. पाय कापणार नाही. (आक्का, हे कंसात असलं तरी मोठ्यानं वाचा: दोन्ही खुर्च्या आता एका उंचीच्या आहेत.) नाना, मोतीबिंदूमुळं तुम्हाला ते दिसलंही नसतं. पण ऑपरेशन झाल्यावर दिसेल, म्हणून आधीच कळवलं. या.