बारा संग्रहालयांचं तिकीट आणि दादाचा उजवा बूट

मोंफायाकजवळ, क्रूझ जिल्हा
२१ सप्टेंबर

प्रिय आन्सेल्मदादा,

तुझ्या धाकट्या बहिणीकडून दोन्ही गालांवर दोन-दोन मुके. तुझा गुडघा, तुझा रक्तदाब आणि तुझी ती कॅनरी (अजून गात नाही ना? मी सांगितलं होतं, मादी आहे) सगळं ठीक असेल अशी आशा करते. मी ठणठणीत आहे. कोंबड्या ठणठणीत आहेत. आपला शेजारी फिर्मँ रुदेर, तोही दुर्दैवाने ठणठणीत आहे.

आधी तुझे आभार. वाढदिवसाला तू ते तिकीट पाठवलंस, एका तिकिटात बारा संग्रहालयं आणि जुन्या वास्तू, आणि सोबत लिहिलंस, की लेऑन्तीन, महिनाअखेर तू कायमची माझ्याकडे लियोंला येणार, तर निघण्याआधी आपला मुलूख एकदा डोळे भरून पाहून घे. वाचून रडूच आलं. मार्स्याल गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून दोन वर्षं मी घर, बेकरी आणि त्याची कबर यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. आणि बाहत्तर वर्षं इथे काढून त्या बारांतलं एकही ठिकाण पाहिलं नव्हतं. (आपल्याकडे संग्रहालयं डच पर्यटक बघतात. आपण त्यांना रस्ता सांगतो.)

जायचं कसं, हा प्रश्न होता. बस फक्त मंगळवारी येते आणि मंगळवारी सगळं बंद असतं. म्हणून फिर्मँला विचारावं लागलं. शाळेत तुझी चाल ऐकून तुला 'लंगडं घड्याळ' म्हणणारा हाच तो, हे मी विसरलेली नाही. पण गाडी त्याच्याकडे आहे. म्हणाला, "जुनंच बघायचंय ना? माझ्या गोठ्यात ये, फुकट दाखवतो." तरी आला. पुढच्या सीटवर त्याचा कुत्रा, मागे कांद्याच्या पोत्याशेजारी मी, आणि माझ्या बाजूचं दार सुतळीने बांधलेलं.

पहिला थांबा टेकडीवरचं बाराव्या शतकातलं देऊळ. (येशूचं रे, पण इतकं छोटं की चर्च म्हणवत नाही.) दाराला कुलूप, वर पाटी: 'किल्ली बेकरीत मिळेल.' बेकरीवाली म्हणाली, किल्ली घंटा वाजवणाऱ्याकडे. घंटा वाजवणारा रानात अळंबी शोधायला गेलेला, आणि त्याची बायको अळंबीची जागा सांगायला तयार नाही, म्हणे नवऱ्याने मलाही सांगितलेली नाही. त्याला गाठेपर्यंत पावणेबारा वाजले. तो म्हणाला, किल्ली मी जूनमध्येच बिजागरी दुरुस्त करायला एकाला दिली. कोणाला, ते आठवेना. मग त्याने फिर्मँकडे टक लावून पाहिलं. किल्ली फिर्मँच्या गाडीच्या खणात होती. सकाळपासून आम्ही तिला सोबत घेऊनच हिंडत होतो! मी काय काय बोलले ते लिहीत नाही, देवळाच्या दारात उभी होते. आतली भिंतीवरची चित्रं मात्र फार सुंदर आहेत. निळ्या रंगाचा एक देवदूत आहे, त्याचं नाक अगदी आपल्या आत्याचं.

जेवणानंतर (सगळीकडे बारा ते अडीच बंद, हे तू विसरला असशील, शहरात लोक जेवतच नाहीत) मोंफायाकचं ग्रामीण जीवनाचं संग्रहालय. तिथल्या मादाम व्हेर्न्यो चाळिशीच्या, हुशार, शहरातून आलेल्या. मी आपली नांगर, चरवी, लोण्याची रवी (ती 'शस्त्र' म्हणून टांगली होती) बघत चालले होते, आणि एका काचेच्या पेटीपाशी पाय थबकले. आत एकच लाकडी बूट. खाली चिठ्ठी: 'नर्तकाचा उजवा बूट. जाड तळवा ठेका धरण्यासाठी. एकोणिसावं शतक.'

"एकोणिसावं शतक?" मी ओरडलेच. "अहो बाई, हा माझा भाऊ आहे!"

बिचारीने आधी दाराकडे पाहिलं, मग फिर्मँकडे. मी म्हटलं, पेटी उघडा. आत टाचेपाशी तापल्या खिळ्याने काढलेलं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर असेल, आणि ते उलटं असेल, कारण आमचे बाबा दोनच हिवाळे शाळेत गेले होते. तिने पांढरे हातमोजे घालून बूट उचलला, आत वाकून पाहिलं आणि तशीच वाकून राहिली. मग हळूच म्हणाली, "उलटं आहे."

दादा, मी तिला सगळं सांगितलं. सहाव्या वर्षी तुला ताप आला, उजवा पाय दोन बोटं आखूड राहिला. बाबा काही बूट करणारे कारागीर नव्हते. अकरा बूट बिघडवले त्यांनी, ते त्या हिवाळ्यात आपण चुलीत जाळले, आणि बारावा तुझ्या पायाला बसला. आई गेल्यावर आपण कोठार रिकामं करून सगळं चर्चच्या विक्रीला दिलं, त्यातच तो गेला असणार. बूट पहिल्यांदा घातलास तेव्हा तू म्हणाला होतास, जड आहे. आपण बाबांना 'छान झालाय' एवढंही म्हटलं नाही रे. मी परवा म्हटलं, काचेला.

मागे वळले तर फिर्मँ टोपी काढून उभा. "मी त्याला घड्याळ म्हणायचो," तो बुटालाच म्हणाला. मादामना वाटलं याला चक्कर येतेय. त्यांनी खुर्ची आणली. बसला आणि म्हणाला, "माझ्या बापाने मला कधी पेन्सिलसुद्धा तासून दिली नाही."

परत निघताना त्याने कुत्र्याला मागे बसवलं आणि मला पुढे.

तुझ्या तिकिटाने मला हे सगळं दिलं, दादा. दहा ठिकाणं अजून राहिली आहेत, पण आताच माझं मन भरलंय. तुझे किती आभार मानू?

तुझी,
लेऑन्तीन

ता.क. नवी चिठ्ठी मादामनी मलाच लिहायला लावली. बाबांचं पूर्ण नाव घातलंय, तुझंही. बिघडलेले अकरा बूटही लिहिलेत. मादाम म्हणाल्या, तेच सर्वांत महत्त्वाचं.

ता.क. २. रवी आणि आणखी सहा चुका मी दाखवल्यावर मादामनी विचारलं, बुधवारी आणि शनिवारी येऊन शाळेच्या मुलांना माहिती सांगाल का? मी हो म्हटलं. ऑक्टोबरपासून. आता ऑक्टोबरमध्ये मी लियोंला असायची होते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझ्याकडची खोली मोकळीच ठेव, मी येत नाही. रागावू नकोस, चूक तुझी आहे, तिकीट तू पाठवलंस.

ता.क. ३. माझं सामान न्यायला तू अठ्ठावीस तारखेला व्हॅन ठरवली आहेस, ती रद्द होत नसेल तर येऊ दे. पण एवढ्या लांबून रिकामी येणं बरं दिसत नाही. तुझा पलंग, तुझे कपडे आणि तू, एवढं सहज मावेल. तिथले चार जिने चढून त्या गुडघ्याचं काय भलं होणार आहे? फिर्मँ कालपासून आपल्या घरातल्या मागच्या खोलीच्या खिडक्यांना रंग देतोय, न सांगता. म्हणतो, आन्सेल्मशी जरा बोलायचंय, पत्रात लिहिण्यासारखं नाही. लवकर ये, दादा. पासष्ट वर्षांनी त्याला धीर आलाय, किती दिवस टिकेल सांगता येत नाही.